आयरिश ग्रामीण विवाहाचार आणि त्यांतील लोकसमजुती

आयर्लंडच्या लोकसाहित्याशी भारतीय वाचकाचा परिचय बहुधा येट्सच्या द्वारा झालेला असतो. ‘गीतांजली’च्या इंग्रजी आवृत्तीला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारा हा कवी आपल्याला जवळचा वाटतो, आणि त्याच्या लेखनातून दिसणारे धूसर, मंत्रभारले, पऱ्यांनी गजबजलेले आयर्लंड हेच खरे आयर्लंड अशी आपली नकळत समजूत होऊन बसते. विवाहविषयक लोकसमजुतींच्या बाबतीत ही समजूत विशेष फसवी ठरते. मे महिन्यात लग्न करू नये, शनिवारी करू नये, वधूने हिरवे वस्त्र नेसू नये, वऱ्हाडाची आणि प्रेतयात्रेची गाठ पडू नये, वधूला पहिल्या शुभेच्छा पुरुषाने द्याव्यात, स्त्रीने देऊ नयेत, या आणि अशा समजुतींच्या याद्या लेडी वाइल्ड यांच्या १८८७ सालच्या संग्रहापासून पुष्कळ पुस्तकांत आढळतात. परंतु यादी वाचून समजूत कळत नाही. ती कोणाच्या घरात, कोणाच्या भयातून आणि कोणाच्या सोयीसाठी जगत होती, हे यादी सांगत नाही. प्रस्तुत लेखात या समजुतींना त्यांच्या मूळ जागी, म्हणजे शेतजमीन, धार्मिक कालगणना आणि परक्या घरातून आलेली वधू या तिहींच्या संदर्भात ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

सुदैवाने या विषयाची साधनसामग्री विपुल आहे. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोगाची स्थापना झाली. शेमस ओ दुलार्गा हे त्याचे संचालक होते. आयोगाच्या प्रेरणेने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांतल्या मुलांनी आपापल्या घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून ऐकलेली माहिती वह्यांत उतरवून काढली. शॉन ओ सुलिव्हान यांनी १९४२ साली क्षेत्रसंग्राहकांसाठी तयार केलेली मार्गदर्शिका आजही आदर्श मानली जाते. हा सगळा संग्रह आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे, आणि आयोगाच्या संग्रहाला २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत स्थान मिळाले. याच्या जोडीला कॉन्रड आरेन्सबर्ग आणि सोलन किंबॉल या हार्वर्डच्या मानवशास्त्रज्ञांनी क्लेअर परगण्यात १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेले क्षेत्रकार्य आहे. आरेन्सबर्गचा ‘द आयरिश कंट्रीमन’ १९३७ साली आणि दोघांचा संयुक्त ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी रेखाटलेले चित्र अतिसुबक आहे, त्यातील दुःखाचे रंग पुसट आहेत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. ह्यू ब्रॉडी यांच्या १९७३च्या ग्रंथाने तो ठळक केला. तो आक्षेप मान्य करूनही असे म्हणावे लागते की सोयरीक कशी जुळते याचे इतके बारकाईचे वर्णन दुसरीकडे मिळत नाही.

ती सोयरीक अशी जुळे. शेत ज्या मुलाला द्यायचे ठरले असेल त्याच्यासाठी बाप मुलगी शोधू लागे. प्रत्यक्ष बाप वा मुलगा कधी विचारायला जात नसे. एक मध्यस्थ जाई. नकार मिळाला तर तो मध्यस्थाच्या पदरी पडावा, घराण्याच्या नव्हे, हा त्यातला व्यवहार. मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारी तो मुलाच्या रूपगुणांचा नसे. ती जमीन किती गाईंची आहे, हा तो प्रश्न. पश्चिम आयर्लंडमध्ये जमीन एकरांत मोजण्यापेक्षा तिच्यावर किती गाई पोसतात यावर मोजली जाई, आणि गाईंच्या संख्येवर मुलीने आणावयाच्या रकमेचा आकडा ठरे. मग मुलीकडचे लोक ती जमीन पाहायला येत. कुंपणे, गवत, पाणी, गोठा, रस्त्यापासूनचे अंतर, सगळे पायांखालून घातले जाई. त्या दिवसापुरती शेजाऱ्यांची गुरे आपल्या कुरणात सोडून श्रीमंतीचा देखावा केल्याच्या कथा सर्वत्र चवीने सांगितल्या जातात. व्यवहार जुळला की मंडळी वकिलाकडे जाऊन कागद करीत. आपल्याकडे लग्नाची ‘याद’ करतात तिच्याशी या कागदाचे साम्य दिसेल, पण त्यातील मुख्य कलमे वेगळी असत. शेत मुलाच्या नावावर चढताच आईबाप मालकी सोडत, म्हणून त्यांना हयातभर कोणती खोली, किती दूध, किती बटाटे, एका गाईपुरते गवत, चर्चला जाण्यासाठी घोडागाडी मिळावयाची, हे कागदात लिहून घेतले जाई. म्हाताऱ्यांची ती खोली बहुधा घराच्या पश्चिमेची असे. कुळाची छायाचित्रे, देवाच्या तसबिरी, घरातील चांगली भांडी तेथेच असत. आणि पश्चिमेकडे घर वाढवू नये, तिकडून ‘त्यां’ची वाट जाते, ही समजूतही तेथलीच.

मुलीने आणलेल्या रकमेला बोलीभाषेत भाग्य किंवा संपत्ती या अर्थाचा शब्द आहे. मराठीत ‘हुंडा’ म्हटल्यावाचून गत्यंतर नाही, तथापि तो शब्द वापरताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ही रक्कम बहुधा वराच्या बापाच्या हाती जाई आणि तिच्यातून वराच्या बहिणीचा हुंडा भरला जाई. त्याच पैशाने तिसऱ्या घरातील मुलीचे लग्न होई. असा एकच पैसा गावोगाव फिरत राही, आणि ज्या घरात मुली अधिक तेथे तो आटे. उरलेल्या मुलामुलींना अमेरिकेचे जहाज, डब्लिनमधील घरकाम, मठ, नाहीतर भावाच्या घरात आमरण अविवाहित राहणे, एवढेच मार्ग उरत.

ही व्यवस्था पुरातन आहे असे समजण्याकडे कल असतो. वस्तुस्थिती उलट आहे. आठव्या शतकाच्या आसपास लिहिल्या गेलेल्या ‘कान लानाव्ना’ या प्राचीन आयरिश विधिग्रंथात स्त्रीपुरुष-संबंधाचे साधारणपणे नऊ प्रकार सांगितलेले आहेत. मनूने सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांशी त्यांची तुलना करण्याचा मोह भारतीय अभ्यासकाला सहज होईल, आणि तो निराधार नाही. आयरिश पंडित माइल्स डिलन यांचा ‘केल्ट्स अँड आर्यन्स’ हा ग्रंथ १९७५ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेनेच प्रसिद्ध केला आहे. पण त्या प्राचीन विधीत वरपक्ष वधूच्या बापाला मोल देत असे. म्हणजे पैशाची दिशा आजच्या नेमकी उलटी होती. क्लेअरमध्ये आरेन्सबर्गने पाहिलेली सोयरीक तिच्या कठोर रूपात मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितक्यांनीच देश सोडला. तोपर्यंत गरीब शेतकरी जमिनीचे तुकडे करून प्रत्येक मुलाला देई, मुले लवकर लग्न करीत आणि बटाट्यावर जगत. दुष्काळाने शिकवलेला धडा असा की जमीन तोडायची नाही, एकालाच द्यायची, आणि बापाने हात सोडेपर्यंत त्या एकाने थांबायचे. त्याचा परिणाम असा झाला की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंचेचाळिशी उलटलेल्या पुरुषांत चारांमागे एकाहून अधिक अविवाहित असत. बाप जिवंत असेतो पन्नाशीच्या पुरुषालाही गावात ‘पोरगा’च म्हणत. समजुती जुन्या असतील. त्या ज्या चौकटीत बसल्या ती चौकट मात्र नवी आणि भुकेने घडवलेली होती.

आता कालगणनेकडे वळू. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चर्च विवाह लावीत नसे. त्यामुळे ६ जानेवारीच्या सणापासून राखेच्या बुधवारापर्यंतचे आठवडे हाच खेड्यातील लग्नसराईचा काळ ठरला, आणि त्या बुधवाराच्या आदल्या मंगळवारी तर लग्नांची झुंबड उडे. चातुर्मासापूर्वीची आपली घाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. नवल वाटावे ते मंगळवार टळल्यानंतरच्या प्रकाराचे. उपवासकाळातील पहिल्या रविवारी चर्चला आलेल्या अविवाहितांच्या पाठीवर पोरे खडूने रेघा ओढीत; म्हणून त्या रविवाराला खडूचा रविवार म्हणत. काही भागांत त्याचे नाव रुसव्याचा रविवार, कारण त्या दिवशी न जुळलेल्यांची तोंडे पडलेली असावयाची. कुठे अविवाहितांवर मीठ टाकीत. पुढल्या वर्षापर्यंत ते टिकावेत, नासू नयेत, असा त्याचा अर्थ! केरी आणि कॉर्क या दक्षिणेकडील परगण्यांत थट्टेला काव्यरूप आले. केरीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात स्केलिग नावाचा खडक असून त्यावर प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. तेथे जुनी कालगणना चालते, म्हणून उपवासकाळ उशिरा लागतो, असा समज होता. तेव्हा मुख्य भूमीवर ज्यांची वेळ चुकली त्यांनी नावेत बसून स्केलिगला जावे आणि तेथे लग्न लावून घ्यावे! गावातील कोणकोण अविवाहित जोड्या या काल्पनिक यात्रेला निघाल्या आहेत याची पद्यमय ‘स्केलिग-यादी’ कोणी अनामिक रची, ती हातोहात फिरे, काही तर छापलीही जात. केव्हिन डॅनाहर यांनी ‘द इयर इन आयर्लंड’ या १९७२च्या ग्रंथात या चालींची तपशीलवार नोंद केली आहे. या याद्यांकडे निव्वळ विनोद म्हणून पाहणे बरोबर नव्हे. ज्या समाजात लग्न न होण्याचे कारण बहुतेकदा बापाचे दीर्घायुष्य किंवा हुंड्याचा अभाव हे होते, त्याच समाजाने त्याचे प्रायश्चित्त मात्र त्या अविवाहिताच्या पाठीवर लिहिले. काही मुलींनी त्या रविवारी घराबाहेर पडणेच टाळले असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

ब्रायन मेरिमन याने क्लेअरमध्येच सुमारे १७८० साली रचलेले ‘मध्यरात्रीचे न्यायालय’ हे हजारांहून अधिक ओळींचे आयरिश भाषेतील काव्य याच प्रश्नाचा उलट न्याय करते. तेथे ईव्हल या परीराणीच्या न्यायासनासमोर लग्न टाळणाऱ्या पुरुषांवर फिर्याद होते, आणि फिर्यादी तरुणी नवरा मिळावा म्हणून आपण केलेल्या तोडग्यांची भली लांबलचक यादीच वाचून दाखवते. लोकसमजुतींची इतकी जिवंत नोंद कोणत्याही संग्राहकाने केलेली नाही, कारण येथे यादी करणारी स्त्री स्वतःच फसवली गेलेली आहे. सगळे तोडगे करून पाहिले, एकही फळला नाही. फ्रँक ओ’कॉनर यांनी केलेल्या या काव्याच्या इंग्रजी भाषांतरावर स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने १९४६ साली बंदी घातली, ही गोष्टही या विषयातील एक साधनच मानली पाहिजे.

तोडग्यांचा मुख्य दिवस म्हणजे ३१ ऑक्टोबरची रात्र. जुन्या केल्टिक वर्षाचा हा संधिकाल. चुलीच्या कडेला दोन फळे शेजारी ठेवून त्यांना दोघांची नावे द्यायची. शांतपणे जळली तर संसार सुखाचा, एखादे उडून गेले तर फिस्कटले. डोळे बांधून कोबीचा दांडा उपटायचा. दांडा सरळ की वाकडा यावरून नवऱ्याची अंगकाठी, आणि मुळाला चिकटलेल्या मातीवरून त्याची मिळकत. धान्याच्या पिठावर गोगलगाय सोडायची आणि सकाळी तिच्या वाटेत अक्षर शोधायचे. चुनाभट्टीत लोकरीचा गुंडा टाकून धागा गुंडाळीत जायचे, आणि खालून कोणी धरून ठेवला असे वाटले की नाव विचारायचे. गोड पावात अंगठी घालून भाजायची. जिच्या तुकड्यात ती येईल तिचे लग्न आधी. बशांच्या खेळात डोळे बांधलेल्या व्यक्तीचा हात पाण्यावर पडला तर परदेशगमन, प्रार्थनापुस्तकावर पडला तर मठ, अंगठीवर पडला तर लग्न, मातीवर पडला तर मृत्यू. आधी सांगितलेल्या मार्गांशी हे संकेत ताडून पाहावेत. जहाज, मठ, लग्न, मरण: खेड्यातील मुलीचे सारे भवितव्य चार बशांत मांडलेले आहे. जेम्स जॉईसने ‘डब्लिनर्स’ या १९१४च्या संग्रहातील ‘क्ले’ या कथेत हाच खेळ वापरला आहे. प्रौढ, अविवाहित मारिआचा हात प्रथम मातीवर पडतो. घरातील माणसे गडबडीने ती बशी काढतात आणि पुन्हा हात फिरवायला लावून तिला प्रार्थनापुस्तक देतात. मातीचा अर्थ काय हे कथेत कोणी उच्चारीत नाही. तो खेळ ज्याला ठाऊक नाही त्या वाचकाच्या हातून कथेचा गाभाच निसटतो.

प्रत्यक्ष विवाहदिनाविषयी थोडक्यात सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लग्ने पुष्कळदा वधूच्या घरीच लागत. १८५० सालच्या थर्ल्सच्या धर्मसभेनंतर ती हळूहळू चर्चमध्ये गेली. वऱ्हाड परतताना घोड्यांची शर्यत लागे. सासरच्या उंबरठ्यावर सासू ओटच्या पिठाची भाकरी वधूच्या डोक्यावर मोडी. रात्री नाच चालू असताना गवताच्या उंच टोप्यांनी तोंडे झाकलेली, गवताचेच कपडे घातलेली मंडळी न बोलावता आत येत. त्यांचा म्होरक्या वधूबरोबर नाचे, ओळख न देता सगळे निघून जात. त्यांचा मान राखला तर घरात भरभराट होई, अपमान केला तर खोडसाळपणाला सीमा नसे. या गवतधाऱ्यांत प्राचीन सुफलता-विधीचे अवशेष शोधणारे पुष्कळ आहेत. मला त्यात गावातील उरलेल्या तरुणांचा हक्कच अधिक दिसतो. ज्यांना जमीन नाही, म्हणून लग्नही नाही, त्यांनी एका रात्रीपुरता मुखवट्याआडून वसूल केलेला हा कर आहे.

मात्र सर्वांत गंभीर समजूत वधूच्या अपहरणाची. आयरिश ‘शी’ म्हणजे मराठीतील पंखवाली ‘परी’ नव्हे. टेकड्यांखाली, जुन्या वर्तुळाकार मातीच्या गढ्यांत राहणारे ते एक समांतर कुळ आहे, आणि त्यांचे नाव घेण्याऐवजी ‘ती भली माणसे’ असे म्हणायचे. नव्या नवरीवर आणि बाळंतिणीवर टपलेल्या आपल्या आसरांशी त्यांचे काहीसे साम्य आहे, पूर्ण नाही. सुंदर तरुणी, नववधू, नुकतीच प्रसूत झालेली आई आणि तान्हे मूल यांना ते उचलून नेतात आणि जागी हुबेहूब दिसणारे काहीतरी ठेवतात. म्हणून वधूने नाचताना दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलू नयेत. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातील विस्तव आणि दूध बाहेर देऊ नये. येट्सच्या ‘द लँड ऑफ हार्ट्स डिझायर’ या १८९४च्या नाटकात नवविवाहित मेरी नेमके हेच करते आणि परीबालिका तिला घेऊन जाते. त्या नाटकातील सासूची कुरकुर लक्षात ठेवण्यासारखी आहे. सून पुस्तक वाचत बसते, काम करीत नाही, हे तिचे गाऱ्हाणे. सुनेचे मन या घरात नाही, ही गोष्ट सासूच्या आणि पऱ्यांच्या भाषेत एकाच वेळी सांगितली गेली आहे.

नाटकानंतर एकच वर्ष लोटले आणि टिपेररी परगण्यातील बॅलिव्हॅडली येथे, मार्च १८९५ मध्ये, ब्रिजिट क्लिअरी या सव्वीस वर्षांच्या विवाहितेला तिच्या नवऱ्याने जाळले. मायकेल क्लिअरी पिंपे बनवणारा कारागीर होता. ब्रिजिट शिवणकाम करी, कोंबड्या पाळी, स्वतःचा पैसा मिळवी, नीटनेटके कपडे घाली. लग्नाला सुमारे आठ वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. ती आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, हिच्या जागी दुसरेच कोणी आले आहे, अशी नवऱ्याची खात्री पटली. वनस्पतींचे काढे पाजण्यात आले. तू ब्रिजिटच आहेस काय, देवाच्या नावाने सांग, असे पुनःपुन्हा विचारण्यात आले, आणि हे विचारताना तिची ओळख बापाच्या व नवऱ्याच्या नावांनी सांगायला लावली. तिचा बाप आणि चुलतमावस भावंडे त्या घरात हजर होती. तिला जाळल्यानंतर नवरा रात्री जवळच्या गढीपाशी वाट पाहत राहिला. खरी ब्रिजिट पांढऱ्या घोड्यावरून येईल आणि काळ्या मुठीच्या सुरीने दोर कापून आपण तिला सोडवू, अशी त्याची कल्पना होती. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. १९१० साली तो सुटला. अँजेला बर्क यांनी १९९९ साली या प्रकरणावर लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की परीकथा ही येथे केवळ भ्रम नव्हती. जिच्याविषयी उघड बोलता येत नाही अशा स्त्रीविषयी बोलण्याची ती एक तयार भाषा होती. अपत्यहीन स्त्रीला माहेरी परत पाठवण्याच्या प्रकाराला क्लेअरमध्ये ‘गावठी घटस्फोट’ म्हणत, हे आरेन्सबर्गने नोंदवले आहे. कायद्याने घटस्फोट अशक्य असलेल्या समाजात ‘ही माझी बायको नव्हे’ या वाक्याला किती अर्थ असू शकतात, ते या प्रकरणातून कळते.

वधूचा स्वतःचा आवाज या साहित्यात क्वचित ऐकू येतो. तो पेग सेयर्स हिच्या ‘पेग’ या १९३६च्या आत्मकथनात येतो. तिने तोंडी सांगितले, मुलाने लिहून घेतले. परघरी मोलकरीण म्हणून राबलेली ही मुलगी; अमेरिकेला गेलेली मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, ते आले नाहीत. एके रात्री तीन पुरुष घरी आले, बोलणी झाली, आणि त्यांतील नवरा कोणता हेही तिला ठाऊक नव्हते. बापाने विचारले तेव्हा तिच्यापुढे पुन्हा चाकरी की हे लग्न, एवढीच निवड होती. १८९२च्या सुमारास ती ग्रेट ब्लास्केट बेटावर नांदायला गेली. त्याच बेटावरील टोमास ओ’क्रोहान याने ‘द आयलंडमन’ या नावाने इंग्रजीत गेलेल्या १९२९च्या आत्मकथनात पुरुषाची बाजू सांगितली आहे. त्याचे मन शेजारच्या लहान बेटावरील मुलीत होते. बहिणीने ठरवून टाकले की अडीअडचणीला धावून येतील असे सोयरे गावातलेच हवेत. १८७८ साली त्याचे लग्न त्याप्रमाणे झाले. दोघांच्याही निवेदनात तक्रारीचा सूर नाही, म्हणून दुःख नव्हते असे मानण्याचे कारण नाही. तो सूर पुढे पॅट्रिक कॅव्हनाच्या १९४२च्या ‘द ग्रेट हंगर’ या दीर्घकाव्यात उघड झाला. आई आणि शेत यांच्यामध्ये आयुष्य वाळून गेलेला त्यातील पॅट्रिक मॅग्वायर हा खडूच्या रेघेचा धनी आहे; काव्याच्या नावात दुष्काळाचे नाव आहे, हेही योगायोगाने नव्हे.

१९६५च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत निश्चित हिस्सा मिळाला, तो मृत्युपत्राने काढून घेता येईनासा झाला, आणि वकिलाकडील त्या जुन्या कागदांचा पायाच ढासळला. मुलींनी शहरे जवळ केली. हुंडा मागण्याइतका जोर कोणा शेतकऱ्याच्या अंगी उरला नाही. घटस्फोटाला १९९५च्या जनमताने मान्यता मिळाली. क्लेअरमधील लिस्डूनव्हार्ना येथे दर सप्टेंबरात सोयरीक जुळवण्याची जत्रा भरते, पण ती आता मुख्यतः गाण्याबजावण्याची आणि पर्यटकांची आहे. समजुती मात्र व्यवस्थेपेक्षा चिवट निघाल्या. लग्नाच्या आदल्या रात्री प्रागच्या बालयेशूची लहान मूर्ती अंगणात, कुंपणाच्या झुडपाखाली नेऊन ठेवण्याची चाल शिकलेल्या कुटुंबांतही आढळते. सकाळी पाऊस पडू नये, एवढेच तिच्याकडे मागणे असते. मूर्तीचे डोके तुटलेले असेल तर ती अधिक प्रभावी, पण ते आपणहून तुटलेले असले पाहिजे.